व्हीआर प्रचारफिल्म बनवून घेणाऱ्यांना खुलं पत्र: जे तिथे नाही, ते दाखवू नका

प्रति,
पर्यटन मंडळांचे अधिकारी, प्रेक्षणीय स्थळांचे व्यवस्थापक, ब्रँडचे मार्केटिंग प्रमुख आणि त्यांच्यासाठी व्हीआर फिल्म बनवणाऱ्या जाहिरात एजन्सी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी ३६० अंशांच्या फूटेजचं स्टिचिंग आणि संकलन करते. कॅमेऱ्याच्या सगळ्या लेन्सनी टिपलेले तुकडे एकमेकांना जोडून त्यांचा एक अखंड गोल करायचा, जोड दिसू द्यायचे नाहीत, आणि मग डोळ्यांवर हेडसेट चढवून त्या गोलाच्या मधोमध उभं राहणाऱ्या माणसासाठी व्हीआर, म्हणजे आभासी वास्तवाची, फिल्म रचायची, हे माझं रोजचं काम. ते मला मनापासून आवडतं. म्हणूनच हे पत्र एजन्सीच्या इनबॉक्समध्ये न पाठवता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

अलीकडे एका प्रेक्षणीय स्थळाची प्रचारफिल्म आमच्याकडे होती. शेवटच्या फेरीत क्लायंटकडून बदलांची यादी आली. वरच्या सज्जाकडे जाणारा पायऱ्यांचा शॉट काढा. रांगेचे दोर पुसा. डाव्या बाजूच्या इमारतीवरची दुरुस्तीची परांची पुसा. माणसं कमी करा. मी कळवलं, की एवढं पुसायचं असेल तर सुरुवातीला एक ओळ द्यावी लागेल: 'या फिल्ममधल्या दृश्यांत बदल केलेले आहेत.' उत्तर आलं, ओळीमुळे अनुभव मोडतो, ओळ नको. मी पुसायला नकार दिला. काम दुसरीकडून करून घेतलं गेलं आणि ती फिल्म आज लोकांना दाखवली जाते आहे. त्या स्थळाचं किंवा एजन्सीचं नाव मी घेणार नाही. एकाला दोषी धरून बाकीचे सुटावेत अशी ही गोष्ट नाही. ही आता या धंद्याची रीत होऊ लागली आहे आणि माझी तक्रार त्या रीतीबद्दल आहे.

आधी एक स्पष्ट करते. व्हीआरमधून जागा आणि वस्तू विकायला माझा विरोध नाही. ही इच्छा हेडसेटपेक्षा फार जुनी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात 'मारेओरामा' नावाचा खेळ होता. प्रेक्षक जहाजाच्या डेकसारख्या हलत्या मंचावर उभे राहत, दोन्ही बाजूंनी प्रचंड लांबीची रंगवलेली कापडं उलगडत जात आणि भूमध्य समुद्रातून कॉन्स्टँटिनोपलपर्यंतचा प्रवास घडे. तो उभा करणारा ह्युगो दालेसी हा चित्रकार प्रवासाच्या जाहिरातींची पोस्टर करण्यासाठी प्रसिद्ध होता. म्हणजे प्रवासाची जाहिरात आणि माणसाला दृश्याने वेढून टाकण्याचं तंत्र यांची गाठ तेव्हाच पडली होती. आपल्या काळात २०१४ मध्ये मॅरियट हॉटेल समूहाने एक बूथ फिरवला. आत उभं राहून हेडसेट घातला की हवाईचा किनारा आणि लंडनमधली उंच इमारत दिसे, शिवाय वारा, ऊब आणि पाण्याचे तुषारही येत. त्याच वर्षी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाच्या पर्यटन संस्थेने तिथल्या रानाची व्हीआर फिल्म केली आणि व्होल्वोने नव्या एक्ससी९० गाडीची सफर गूगलच्या 'कार्डबोर्ड' या पुठ्ठ्याच्या हेडसेटमधून दाखवली. २०१५ मध्ये थॉमस कूकने आपल्या दुकानांत सॅमसंगचे हेडसेट ठेवून सहलींची चुणूक द्यायला सुरुवात केली. त्या काळात या माध्यमात आलेल्या आमच्यासारख्यांना हे सगळं पाहून हुरूप आला होता. दूरच्या माणसाला एखादी जागा खरोखर कळेल असं काहीतरी हाती लागलं आहे, असं वाटलं होतं. मला अजूनही तसंच वाटतं, आणि माझा राग तिथूनच येतो.

कारण हे माध्यम इतर जाहिरातींसारखं नाही. छापील जाहिरातीला चौकट असते. टीव्हीलाही असते. चौकट दिसली की पाहणाऱ्याला आपोआप कळतं, की हे कोणीतरी निवडून दाखवलं आहे आणि चौकटीबाहेर आणखी काहीतरी असणार. हेडसेटमध्ये ती चौकटच नसते. माणूस मान वळवतो, मागे बघतो, वर बघतो, आणि सगळीकडे जागा सापडत जाते. त्यामुळे त्याची खात्री पटते, की इथे जे आहे ते सगळं मला दिसतं आहे. कड्याच्या टोकावरचा शॉट लागला की माणसं पाऊल मागे घेतात. ज्यांना पक्कं ठाऊक असतं की आपण सपाट जमिनीवर उभे आहोत, तीही घेतात. इथे शरीर आधी विश्वास ठेवतं आणि विचार मागून येतो. टीव्हीवरची जाहिरात नको असेल तर नजर फिरवता येते. हेडसेट चढवलेल्या माणसाने नजर फिरवली तरी तो तुमच्याच फिल्ममध्ये असतो. एवढी मोठी ताकद हातात घेतलेल्यांनी साध्या जाहिरातीचे, तेही ढिले, नियम पुरेसे मानावेत, हे मला मान्य नाही.

आता तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. पहिली सगळ्यात मोठी आहे.

ती आहे पुसण्याची आणि ताणण्याची. पुसणं हा आमच्या कामाचाच भाग आहे, ते मी नाकारत नाही. कॅमेऱ्याखालचा ट्रायपॉड प्रत्येक शॉटमधून काढावाच लागतो. लेन्सच्या जोडावर कोणाचा हात तुटलेला दिसत असेल तर तो सांधावा लागतो. आडोशाला लपलेल्या सहायकाचा बूट डोकावला तर तो घालवावा लागतो. या गोष्टी आमच्यामुळे तिथे आलेल्या असतात, आम्ही निघून गेल्यावर त्या तिथे नसतात. पायऱ्या मात्र असतात. दोर असतात, रांग असते, परांची असते, शेजारचा कचऱ्याचा डबा असतो. माझ्या दृष्टीने रेघ तिथे आहे: कॅमेऱ्याबरोबर आलेलं काढा, जागेचं असेल ते राहू द्या.

पायऱ्यांचंच घ्या. मूळ फूटेजमध्ये प्रवेशद्वारानंतर दगडी पायऱ्यांवर मध्यावर ठेवलेला शॉट होता. तिथून मागे पाहिलं की चढून आलेला भाग दिसे, वर पाहिलं की उरलेला. एका बाजूला हात धरायला लोखंडी कठडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. दम खायला थांबलेलं एक वयस्कर जोडपं त्या शॉटमध्ये होतं. बाई कठड्याला टेकल्या होत्या आणि बाबा पाण्याची बाटली उघडत होते. संकलनाच्या दृष्टीने तो फिल्ममधला सगळ्यात जिवंत शॉट होता. आज जी फिल्म चालू आहे तिच्यात प्रवेशद्वार आहे, मग दृश्य हळूच विरतं, आणि थेट वरचा सज्जा. गुडघे दुखणारी, व्हीलचेअर वापरणारी, तान्हं बाळ घेऊन जाणारी माणसं आपल्याला ती जागा झेपेल का, हे ठरवण्यासाठी हीच फिल्म पाहतात. एखाद्या जागेची सगळी वाट शरीराने अनुभवून बघण्याची सोय देणारं दुसरं कुठलं माध्यम त्यांच्याकडे आहे? आणि तुम्ही नेमकी वाटच काढून टाकलीत.

ताणणं तर कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन डोळ्यांमधलं अंतर प्रौढ माणसात सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असतं. त्रिमित चित्रण करताना दोन लेन्समधलं अंतर त्याहून कमी ठेवलं, तर पाहणाऱ्याला सगळं जग आहे त्यापेक्षा मोठं भासतं. शिवाय कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा बराच खाली ठेवला, तर छत उंच वाटायला लागतं. ही दोन्ही तंत्रं एकत्र वापरली की साधी खोली दालन होऊन जाते. यात काहीही रंगवलेलं नसतं, प्रत्येक पिक्सेल खरा असतो, त्यामुळे कोणी विचारलं तर 'आम्ही काहीच बदललं नाही' असं म्हणता येतं. हॉटेलच्या खोल्या, जहाजावरच्या केबिन, न बांधलेली घरं विकण्यासाठी असे ब्रीफ, म्हणजे क्लायंटच्या लेखी सूचना, येतात, तेव्हा त्यात एक वाक्य हमखास असतं: 'स्पेस मोठी वाटली पाहिजे.' खोली जेवढी आहे तेवढीच वाटली पाहिजे, असं लिहिलेला ब्रीफ मला अजून मिळालेला नाही.

वेळेचंही तसंच. दरवाजे उघडण्याआधी, पहाटेच्या उजेडात चित्रण करायला हरकत नाही. त्या वेळी जागा सुंदर असते आणि ते सौंदर्य खरं असतं. पण तिकीट काढून येणाऱ्याला ती वेळ कधीच मिळणार नसेल, तर 'हे दरवाजे उघडण्यापूर्वी चित्रित केलं आहे' एवढं सांगायला काय जातं?

दुसरी तक्रार प्रेक्षकाच्या शरीराची आहे. आपला तोल डोळे आणि अंतर्कर्ण मिळून सांभाळतात. डोळ्यांना वेग दिसतो, वळण दिसतं, आणि कानातल्या द्रवाला काहीच जाणवत नाही, तेव्हा मेंदूचा गोंधळ उडतो आणि मळमळ सुरू होते. जे हे काम करतात त्यांना हे पहिल्या वर्षातच कळतं. कॅमेरा स्थिर ठेवा. क्षितिज तिरकं होऊ देऊ नका. हलवायचाच असेल तर सरळ रेषेत, एका संथ गतीने हलवा, कारण अंतर्कर्ण गती ओळखत नाही, गतीतला बदल ओळखतो. प्रेक्षकाच्या वतीने मान वळवू नका, ती त्याची त्याला वळवू द्या. हे सगळं माहीत असूनही ड्रोनने सूर मारायचा, वळायचं, पुन्हा वर यायचं, अशी मागणी येते. थरार हवा असतो. मग स्टॉलवर कोणाला चक्कर आली की प्रमोटर म्हणतो, 'तुम्हाला सवय नाही.' सवयीचा काही संबंध नाही. ज्याने तो शॉट मागवला आणि ज्याने मंजूर केला, ती त्यांची चूक आहे.

एका प्रदर्शनातल्या स्टॉलवर मी जे पाहिलं ते सांगते. एक मध्यमवयीन गृहस्थ हेडसेट घालून उभे होते. फिल्ममध्ये ड्रोन दरीत उतरायला लागला. त्यांनी आधी पाय फाकवले, मग हवेत हात चाचपला, आणि खुर्चीची पाठ सापडल्यावर ती दोन्ही हातांनी इतकी घट्ट धरली की बोटांची पेरं पांढरी पडली. शेजारी उभ्या असलेल्या, स्टॉलवर काम करणाऱ्या मुलीने त्यांना बसवायला हवं होतं. ती त्यांचा व्हिडिओ काढत होती. ती तिची आगळीक नव्हती, तिला तसं सांगितलेलंच होतं. 'रिॲक्शन शॉट' हे त्या मोहिमेच्या यादीतलं ठरलेलं काम होतं. ज्याला आपल्याभोवती कोण आहे हेही दिसत नाही अशा माणसाचं चित्रण करून ते समाजमाध्यमांवर टाकणं याला मी तिसरी तक्रार म्हणते. तिच्यावर आणखी काही लिहायची गरज नाही. हे बंद व्हायला हवं, एवढंच.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त धोक्याची आहे. हेडसेट तुमचं डोकं कुठे आहे, कोणत्या दिशेला किती वेगाने वळलं, हे सेकंदाला अनेकदा मोजतो. मोजल्याशिवाय चित्र हलवताच येणार नाही. काही नवे हेडसेट डोळ्यांची बुबुळंही टिपतात. ही नोंद एजन्सी 'हीटमॅप' या नावाने क्लायंटला देते: लोक लोगोकडे किती वेळ बघत होते, कुठे रेंगाळले, कुठून नजर काढली. लोकांना हे निरुपद्रवी वाटतं, कारण नाव नाही, फोन नंबर नाही. पण २०२० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. हेडसेटमध्ये ३६० अंशांचे व्हिडिओ पाहणाऱ्या ५११ जणांच्या हालचालींवरून त्यांनी माणूस ओळखण्याचा प्रयत्न केला. दर माणशी पाच मिनिटांपेक्षाही कमी नोंद संगणकाला शिकवायला पुरली आणि ९५ टक्के वेळा माणूस बरोबर ओळखला गेला. हे लोक गेम खेळत नव्हते, व्यायाम करत नव्हते. नुसते व्हिडिओ पाहत होते, तुमच्या स्टॉलवर पाहतात तसेच. म्हणजे मान वळवण्याची ढब ही जवळपास सहीइतकीच स्वतःची असते, आणि तुम्ही ती नाव न विचारता गोळा करता.

संमतीची पद्धत काय असते, तेही सांगायला हवं. हेडसेट डोक्यावर चढवण्याआधी स्टॉलवरचा मुलगा स्वतःच 'मान्य आहे' दाबून टाकतो, कारण रांग लांब असते आणि प्रत्येकाला वाचायला दिलं तर दिवसाची संख्या पुरी होत नाही. ज्याच्या नावाने मान्यता नोंदली गेली त्याला तो प्रश्न दिसलेलाच नसतो. वेगळं वागता येतं. ॲपलने २०२४ मध्ये व्हिजन प्रो हा हेडसेट आणला, तेव्हा माणूस कुठे बघतो आहे ही माहिती ॲप बनवणाऱ्यांच्या हाती पडणार नाही अशी रचना केली. यंत्र विकणारी कंपनी एवढं पथ्य पाळू शकते, तर पाच मिनिटांची फिल्म दाखवणाऱ्याला ते का जड जावं?

पाचवी तक्रार मुलांबद्दल आहे. २००९ मध्ये, म्हणजे आजच्या मानाने अगदी ओबडधोबड हेडसेटच्या काळात, स्टॅनफर्डमध्येच लहान मुलांवर एक प्रयोग झाला. मुलांना स्वतः व्हेल माशांबरोबर पोहत असल्यासारखी दृश्यं दाखवली. काही दिवसांनी विचारल्यावर प्राथमिक शाळेच्या वयातल्या बऱ्याच मुलांना ती गोष्ट आपल्या आयुष्यात खरंच घडली असं वाटत होतं. हेडसेट बनवणाऱ्या कंपन्या स्वतः वयाची अट घालतात. मेटाने ती २०२३ मध्ये १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यांसाठी. तरीही थीम पार्क, खेळणी आणि खाऊच्या ब्रँडच्या स्टॉलवर सगळ्यात पुढे लहान मुलंच उभी केली जातात, कारण मूल आलं की मागून आईबाबा येतात. लहान मुलाला एखाद्या जागेची न घडलेली आठवण देऊन मग ती जागा विकायची, यात तुमच्यापैकी कोणाला काहीच खटकत नाही का? ज्यांना स्वतःची मुलं आहेत त्यांना तरी?

जी माणसं फिल्ममध्ये दिसतात त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. साध्या चित्रणात कॅमेऱ्यामागे उभं राहता येतं. ३६० मध्ये कॅमेऱ्याला मागची बाजूच नसते. ट्रायपॉडवर एक काळा गोळा ठेवून आमची माणसं आडोशाला जातात, आणि आजूबाजूने जाणाऱ्यांना हा गोळा चारी बाजूंनी टिपतो आहे याची कल्पनाही नसते. तिथे रोज काम करणारे, झाडणारे, सामान वाहणारे, प्रार्थनेला आलेले, सगळे त्यात येतात. मग दोन शक्यता उरतात. एक तर त्यांना न विचारता जाहिरातीत ठेवलं जातं, नाही तर 'क्लीन-अप' या नावाखाली त्यांनाच पुसलं जातं. जी जागा त्या माणसांच्या कष्टांवर चालते तिच्या फिल्ममधून तीच माणसं नाहीशी होताना मी पाहिली आहेत. शॉटआधी जाऊन विचारणं अवघड नाही. थोडा वेळ लागतो आणि वेळापत्रकात तेवढी जागा ठेवावी लागते.

दर्जाबद्दल थोडक्यात. 'फोर-के' म्हणून विकली जाणारी ३६० फिल्म म्हणजे पूर्ण वर्तुळासाठी ३८४० पिक्सेल. माणसाला एका वेळी त्यातला साधारण पाव भाग दिसतो, म्हणजे हजारही पिक्सेल नाहीत. चांगल्या नजरेला एका अंशात सुमारे ६० पिक्सेल लागतात, इथे अकराही मिळत नाहीत. मग प्रेक्षकाला सगळं जाळीच्या खिडकीतून बघितल्यासारखं वाटतं, आणि व्हीआर म्हणजे धुरकट काहीतरी, असं मत घेऊन तो घरी जातो. जास्त तपशिलाचे कॅमेरे आणि जास्त तपशील दाखवणारे हेडसेट आता आहेत. पैसे प्रसिद्धीच्या पार्टीवर गेल्यावर चित्रणासाठी उरत नाहीत, हा प्रश्न तंत्राचा नाही.

पण या सगळ्याच्या मुळाशी मला एकच गोष्ट दिसते, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. व्हीआर फिल्म मंजूर करणारे लोक ती हेडसेट घालून पाहत नाहीत. ती मीटिंगच्या खोलीत, लॅपटॉपवर, माउसने इकडेतिकडे ओढून पाहिली जाते. लॅपटॉपवर ड्रोनचा सूर छान वाटतो, मळमळत नाही. लॅपटॉपवर पायऱ्यांचा शॉट लांबलेला वाटतो, कारण तिथे उभं असल्याची जाणीवच होत नाही. नजरेला चिकटून फिरणारा लोगो लॅपटॉपवर दिसतो तेव्हा खटकत नाही. हेडसेटमध्ये तोच लोगो चेहऱ्यासमोर धरलेल्या हातासारखा त्रास देतो. दहा जण मंजुरी देतात आणि त्यातला एकही जण प्रेक्षकाच्या जागी जाऊन आलेला नसतो. विनंती केली तर 'केस विसकटतात', 'चष्मा आहे', 'वेळ नाही' अशी उत्तरं मिळतात. तेच हेडसेट मग हजारो अनोळखी लोकांच्या डोक्यावर चढवले जातात, आणि त्यांचा फोम प्रत्येक माणसानंतर पुसायला स्टॉलवर कोणी नेमलेलंही नसतं.

आणखी एक गोष्ट हल्ली कानावर येते, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्यांना वर चढता येत नाही त्यांच्यासाठी पायथ्याशी हेडसेट ठेवला की सोय झाली, असं काही स्थळांचं म्हणणं असतं. हेडसेट ठेवा, जरूर ठेवा. ज्या गुहेत, ज्या जुन्या इमारतीत काहीच बांधता येत नाही, तिथे त्याचा खरा उपयोग आहे. पण जिथे उतार बांधता येतो, लिफ्ट बसवता येते, तिथे हेडसेट दाखवून ते काम टाळणं हा अन्याय आहे. तिथे आलेल्या माणसाला ती जागा बघायची आहे. तिची फिल्म तर तो घरीही पाहू शकला असता.

यावर नेहमीचं उत्तर मला ठाऊक आहे: 'सगळ्याच जाहिराती थोडं सजवून दाखवतात, लोकांना ते कळतं.' पोस्टर बघणाऱ्याला कळतं, ते मला मान्य आहे. मारेओरामाच्या मंचावर उभ्या असलेल्यालाही आपल्या बाजूने कापड सरकतं आहे हे कळत होतं. हेडसेटमधल्या माणसाला ते कळू नये, यासाठीच तर तुम्ही आम्हाला पैसे देता. जोड दिसू नयेत, आवाज योग्य दिशेने यावा, मान वळवताक्षणी चित्र वळावं, हे सगळं आम्ही त्याचा संशय जावा म्हणूनच करतो. त्याचा संशय घालवायचा आणि मग त्याने संशय घ्यायला हवा होता असं म्हणायचं, ही पळवाट आहे.

दुसरं उत्तर असतं, 'सूचना टाकल्या तर गिऱ्हाईक येणार नाही.' मला उलट वाटतं. जो माणूस फिल्म पाहून जातो आणि तिथे परांची, रांग आणि अनपेक्षित चढ पाहतो, तो पुढच्या वेळी कोणत्याच फिल्मवर विश्वास ठेवत नाही. तुमचं गिऱ्हाईक तुम्ही एकदा मिळवता, माझं माध्यम मात्र कायमचं गमावतं. या माध्यमाचं आयुष्य आधीच अवघड आहे. गूगलने डेड्रीम हे आपलं व्हीआर व्यासपीठ २०१९ मध्ये बंद केलं, कार्डबोर्डची विक्री २०२१ मध्ये थांबवली. नोकियाने २०१५ मध्ये जाहीर केलेला ओझो हा ३६० अंशांचा कॅमेरा दोनच वर्षांत गुंडाळला. त्या काळातल्या कितीतरी प्रचारफिल्म आज कुठेच पाहता येत नाहीत, कारण मोहीम संपली की फाइलही गेली. त्यात पकडलेल्या काही जागा आता तशा उरलेल्याही नाहीत. तंत्र बदलतं ते आपल्या हातात नाही. प्रेक्षकाचा भरवसा टिकवणं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या गोष्टी सोडून दृश्यातलं काहीही पुसलं, घातलं किंवा मोठं भासवलं असेल, तर फिल्मच्या आत, सुरुवातीलाच, वाचता येईल इतका वेळ तसं लिहा. वेबसाइटच्या तळाशी लिहिलेलं चालणार नाही, कारण हेडसेट घातलेल्याला ते दिसत नाही.

२. प्रत्येक जागेच्या चित्रणाची तारीख आणि वेळ दाखवा. न बांधलेली जागा असेल तर 'संगणकावर तयार केलेलं दृश्य' असं म्हणा.

३. प्रवेशद्वारापासून मुख्य जागेपर्यंतची वाट फिल्ममध्ये ठेवा. तिथे पायऱ्या असतील तर पायऱ्या दाखवा.

४. खोली किंवा गाडीची आतली जागा विकत असाल, तर कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि लेन्समधलं अंतर माणसाच्या डोळ्यांइतकं ठेवा, आणि हे करारात लिहा.

५. हलत्या शॉटची पूर्वसूचना द्या, बसायला खुर्ची द्या आणि फिल्म मध्येच थांबवायची युक्ती आधी शिकवा. वेगवान शॉट नको असलेल्यांसाठी स्थिर आवृत्ती ठेवा. उपशीर्षकंही द्या.

६. हालचाल आणि नजरेची नोंद साठवू नका. साठवायचीच असेल तर हेडसेट घालण्याआधी माणसाला त्याच्या भाषेत विचारा, त्याच्या बोटाने होकार घ्या, आणि 'नाही' म्हणणाऱ्यालाही फिल्म दाखवा.

७. हेडसेटच्या कंपनीने सांगितलेल्या वयाखालच्या मुलांना रांगेतही उभं करू नका. त्यांच्यासाठी मोठा पडदा लावा.

८. हेडसेट घातलेल्याचं चित्रण त्याच्या परवानगीशिवाय नको. फिल्ममध्ये ओळखू येणाऱ्या प्रत्येकालाही आधी विचारा.

९. मंजुरीच्या कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाने पूर्ण फिल्म हेडसेट घालून, एका बैठकीत पाहिलेली असावी. ही एक मागणी मानलीत तर बाकीच्या निम्म्या आपोआप मानल्या जातील, याची मला खात्री आहे.

यातल्या पहिल्या आणि नवव्या मागणीचं कलम मी माझ्या करारात घालायला सुरुवात केली आहे. त्यामुळे काही कामं येणार नाहीत, हे मी गृहीत धरलं आहे. ज्या संकलकांना, ध्वनिमुद्रकांना, कॅमेरा सांभाळणाऱ्यांना हे पटत असेल त्यांनी तेच कलम आपल्या करारात घ्यावं. मजकूर हवा असेल त्याला मी देईन.

अधिकारी आणि मार्केटिंग प्रमुखांकडून मला उत्तर हवं आहे, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. यातलं काय मान्य आहे, काय नाही आणि का नाही, हे मुद्देवार लिहा. सध्या दाखवल्या जात असलेल्या ज्या फिल्ममध्ये दृश्यं बदललेली आहेत, त्यांच्या सुरुवातीला ती ओळ घालायला नवं चित्रण लागत नाही. फाइल उघडायची, पाटी लावायची, रेंडर करायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. कोणाकडे माणूस नसेल तर ते मी विनामूल्य करून देईन.

आपली,
३६० अंशांच्या फिल्मची एक संकलक